सेनानी आणि नागरिक : जनरल शंकरराव थोरात



आमच्या टेंभुर्णीला पहाटे लवकर बाहेर पडलात, तर रस्त्याच्या कडेने पळणारी पोरे दिसतील. कोणी सैन्यभरतीसाठी पळतो, कोणी पोलिसांत जाण्यासाठी. ऊन वर आले की यांतलीच काही पोरे अभ्यासिकेत जाऊन बसतात आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची जाडजूड पुस्तके उघडतात. सकाळी छाती आणि दुपारी डोके असा त्यांचा दिनक्रम. यांतल्या काहींना मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. एकदा सहज वर्गात विचारले की, बाबांनो, तुमच्या या दोन्ही वाटांच्या शेवटच्या टोकाला जाऊन पोचलेला आपल्याकडचा माणूस कोण, सांगता येईल का? लष्करातही अगदी वर आणि लोकसेवा आयोगातही अगदी वर? वर्ग गप्प राहिला. मग मी फळ्यावर नाव लिहिले : लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील-थोरात.

नाव ऐकून कोणाच्या चेहऱ्यावर ओळख उमटली नाही, आणि त्यात पोरांचा दोष नाही. आमच्या गावात सदाशिवपंत माणकेश्वरांची गढी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारभाऱ्याची ती खूण पोरे येताजाता पाहतात, आणि इतिहास म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे बुरूज, तलवार आणि घोडा येतो. ज्या माणसाचे सर्वांत मोठे काम एका कागदावर होते, आणि तो कागदही कोणी मनावर घेतला नाही, त्याची गढी कोठे असणार? म्हणून आज त्या कागदाविषयी आणि तो लिहिणाऱ्या माणसाविषयी बोलायचे आहे.

थोरातांचा जन्म 1906 सालचा, कोल्हापूर संस्थानातल्या वडगावचा. त्या काळी हिंदी तरुणाला सैन्यात शिपाई म्हणून जाणे सोपे, अधिकारी म्हणून जाणे महाकठीण. अधिकारी व्हायचे तर विलायतेला सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात जावे लागे, आणि तिथे हिंदी मुलांसाठी वर्षाला मोजक्याच जागा असत. शंकरराव तिथे गेले आणि 1926 साली अधिकारी होऊन बाहेर पडले. नेमणूक झाली ती चौदाव्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत. पुढे पाकिस्तानचे अध्यक्ष झालेले अयूबखानही याच पलटणीतले. एकाच मेसमध्ये जेवलेली माणसे पुढे दोन देशांच्या सेनांत वाटली जातील, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसेल.

मधली वर्षे भराभर सोडून देतो आणि 1945 च्या जानेवारीत येतो. स्थळ ब्रह्मदेशातला आराकानचा किनारा, कांगॉ नावाचे गाव. जपानी फौजा माघार घेत होत्या आणि त्यांची वाट या गावावरून जात होती. ती वाट तोडण्यासाठी ज्या फौजा उतरवल्या, त्यांत 51 वी ब्रिगेड होती. या ब्रिगेडची गोष्ट अशी की तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते. एक थिमय्या, दुसरे एल. पी. सेन आणि तिसरे आपले थोरात, दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे. हिंदी माणूस शूर शिपाई होऊ शकतो, पण लढाईत संबंध पलटण हाताळणे त्याला जमेल काय, अशी शंका असणारे गोरे अधिकारी तेव्हा पुष्कळ होते. त्यांना उत्तर मिळाले ते कांगॉच्या टेकड्यांवर. मेलरोज असे नाव दिलेली एक टेकडी जपान्यांनी घट्ट धरून ठेवली होती. आधीचे हल्ले अपुरे पडल्यावर थोरातांच्या पलटणीने जानेवारीच्या अखेरीस ती घेतली. तिघांनाही डी. एस. ओ. हे शौर्यपदक मिळाले.

ही तीन नावे लक्षात ठेवा. पुढच्या हकिगतीत ती पुन्हा येणार आहेत.

स्वातंत्र्यानंतर थोरात मेजर जनरल झाले, आणि 1953 साली त्यांच्यावर एक असे काम आले की जे लष्करी म्हणावे की मुलकी, हेच सांगता येणार नाही. कोरियातले युद्ध त्या वर्षीच्या जुलैमध्ये शस्त्रसंधीने थांबले होते. अडले होते ते युद्धकैद्यांच्या प्रश्नावर. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे असलेल्या चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांपैकी बावीस हजारांवर कैदी म्हणत होते की आम्हाला मायदेशी परत जायचे नाही. दुसऱ्या बाजूकडेही परत न जाऊ इच्छिणारे तीनसाडेतीनशे होते. या सर्वांना काही महिने सांभाळायचे, त्यांच्या सरकारांच्या प्रतिनिधींना त्यांच्याशी बोलू द्यायचे आणि मग ज्याने त्याने आपले ठरवायचे, असा करार झाला. या कामासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांचा प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्या भारतीय तुकडीचे प्रमुख जनरल थोरात. कांगॉची जोडी पुन्हा एकत्र आली ती अशी.

काम किती नाजूक होते, ते एका गोष्टीवरून कळेल. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी जाहीर केले की भारतीय सैनिकाचा पाय आमच्या भूमीला लागता कामा नये. तेव्हा जहाजांतून आलेले आपले जवान हेलिकॉप्टरांतून उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवावे लागले. तिथे तंबू ठोकून आपल्या लोकांनी वस्ती केली आणि तिला नाव दिले हिंदनगर.

कैद्यांच्या छावण्यांत त्यांच्याच कडव्या पुढाऱ्यांचा अंमल होता. सप्टेंबर महिन्यात एका छावणीतल्या कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत पकडून ठेवले. बाहेर बंदुका होत्या, गोळीबाराचा हुकूम देता आला असता. पण मग तो मेजर वाचला नसता आणि कैदीही कितीतरी मेले असते. थोरात स्वतः आत गेले, खवळलेल्या जमावापुढे उभे राहिले, बोलले, आणि आपल्या अधिकाऱ्याला सोडवून घेऊन आले. सगळेच दिवस असे निभावले, असे मात्र नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपल्या पहारेकऱ्यांना गोळी चालवावी लागली आणि काही कैदी त्यात मेले. हेही सांगितलेच पाहिजे. नाहीतर चरित्राचा पोवाडा होतो. 1954 च्या जानेवारीत मुदत संपली. बहुतेक कैद्यांनी मायदेशी जाण्याचे नाकारले. अठ्ठ्याऐंशी जणांनी तर दोन्ही बाजू नाकारून तटस्थ देशात जायचे म्हटले, आणि ते आपल्या फौजेबरोबर जहाजाने हिंदुस्थानात आले. थोरातांना या कामगिरीबद्दल अशोकचक्र, वर्ग दुसरा, देण्यात आले. त्याच पदकाला पुढे कीर्तिचक्र असे नाव पडले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. 1957 साली थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. मुख्यालय लखनौला, पण जबाबदारी थेट ईशान्य सरहद्दीपर्यंत. आज ज्याला आपण अरुणाचल प्रदेश म्हणतो, त्याला तेव्हा नेफा म्हणत. 1959 चा मार्च उजाडला आणि तिबेटात उठाव झाला. दलाई लामा तवांगच्या वाटेने भारतात आले. ऑगस्टमध्ये लोंग्जू येथे आपल्या आसाम रायफल्सच्या चौकीवर चिन्यांनी गोळीबार केला. त्यानंतर नेफाची सरहद्द सैन्याच्या ताब्यात देण्यात आली आणि ती राखण्याचा विचार थोरातांच्या गळ्यात पडला.

ऑक्टोबर 1959 मध्ये त्यांनी एक टिपण तयार करून सरसेनापती थिमय्यांकडे पाठवले. त्यातले म्हणणे मी माझ्या शब्दांत सांगतो. आमच्या भागातल्या माणसाला ते चटकन कळेल. ऊस कारखान्याजवळ असला तर तोड आणि वाहतूक सोपी. तोच लांब असला, मध्ये कच्चा रस्ता असला आणि पाऊस पडला, की ट्रॉली रुतते, ऊस वाळतो आणि सगळा हिशेब फिसकटतो. लढाईचेही असेच. हिमालयाच्या माथ्यावर, अगदी सीमारेषेवर उभे राहून लढायचे म्हटले, तर तेजपूरच्या सपाटीपासून गोळी, पीठ, रॉकेल, कांबळी सगळे डोंगर चढून न्यायचे. वाटेत पावणेचौदा हजार फुटांची सेला खिंड. पलीकडे चिन्यांची बाजू तिबेटच्या पठाराची, त्यांचे रस्ते सीमेजवळ येऊन भिडलेले. तेव्हा सीमेवर फक्त चौक्या ठेवाव्यात. शत्रू आला की त्यांनी खबर द्यावी, त्याला अडवत अडवत मागे यावे. खरी लढाई द्यायची ती मागे, बोमडिलासारख्या जागी, जिथे आपला पुरवठा जवळ येतो आणि शत्रूचा लांब पडतो. आणि यासाठी आज आहे त्याहून पुष्कळ अधिक सैन्य, रस्ते आणि साधने लागतील. ती नसतील तर नेफा राखता येणार नाही.

थिमय्यांना हे पटले. त्यांनी टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे पाठवले. थोरातांनी स्वतः लिहून ठेवले आहे की मेनन यांना ही सगळी उगाच घातलेली भीती वाटली. चीनचे प्रकरण मुत्सद्देगिरीने मिटेल, असा त्यांचा भरवसा होता. टिपण तिथेच राहिले.

मग थोरातांनी एका सेनापतीच्या हातात जे असते ते केले. मार्च 1960 मध्ये लखनौला त्यांनी युद्धाचा एक सराव घेतला. नाव ‘लाल किल्ला’. प्रत्यक्ष फौजा न हलवता नकाशावर दोन पक्ष करून लढायचे, असा हा खेळ असतो. पण तो पोरखेळ नव्हे. आजच्या बळावर आपण राहिलो आणि चिनी आले, तर कोणत्या वाटेने येतील, काय काय पडेल, कोणत्या क्रमाने पडेल, हे त्यात मांडले गेले. उत्तर आले ते कोणाला आवडण्यासारखे नव्हते.

दीड वर्षानंतर सरकारने नेमके उलटे धोरण घेतले. अगदी पुढे, मिळेल तिथे चौक्या बसवायच्या. आणि 20 ऑक्टोबर 1962 ला काय झाले, ते आपल्याला ठाऊक आहे. नामका चू या ओढ्याच्या काठी आपली एक ब्रिगेड सीमेला चिकटून उभी होती. पुष्कळांच्या अंगावर सुती कपडे, विमानातून टाकलेले सामान दरीत गेलेले. एका सकाळीत ती ब्रिगेड मोडली. चारपाच दिवसांत तवांग गेले. 18 नोव्हेंबरला सेला सोडली, आणि त्याच रात्रीच्या सुमारास बोमडिला गेले. ज्या बोमडिलाला थोरात मुख्य फळी उभारू पाहत होते, तिथे लढायला पुरेशी माणसेच उरली नव्हती. 21 तारखेला चीनने आपल्या मर्जीने युद्ध थांबवले. लखनौच्या नकाशावर जे दिसले होते, त्याच्याशी हा क्रम फार जुळत होता.

इथे एक योगायोग सांगतो. त्याच 18 नोव्हेंबर 1962 ला, तिकडे सेला सोडली जात असताना, थोरातांच्या कोल्हापुरात राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन होत होते. 2004 पर्यंत आमचा सोलापूर जिल्हाही त्याच विद्यापीठात होता. माझ्या पिढीच्या पदव्यांवर त्याचेच नाव आहे. ती तारीख आम्ही स्थापनादिन म्हणून पाठ केली. तिची दुसरी बाजू मला पुष्कळ उशिरा कळली.

तर त्या दिवशी थोरात कोठे होते? सैन्यात नव्हते. मे 1961 मध्ये थिमय्या निवृत्त झाले, तेव्हा आपल्या जागी थोरातांना नेमावे अशी शिफारस त्यांनी केली होती. सरकारने जनरल थापर यांना नेमले. थोरातांवर प्रेम करणारी माणसे याला सरळ अन्याय म्हणतात. मला इथे थोडे थांबावेसे वाटते. थापर हे थोरातांहून काही महिन्यांनी ज्येष्ठ होते, आणि ज्येष्ठाला नेमणे हा काही गुन्हा नव्हे. गुन्हा असलाच तर तो माणूस डावलण्याचा नव्हे, टिपण डावलण्याचा. थोरात त्याच महिन्यात निवृत्त झाले. वय पंचावन्नसुद्धा पुरे नव्हते. पूर्व विभागात त्यांच्या जागी आले ते जनरल सेन, कांगॉचे तिसरे. 1962 च्या ऑक्टोबरात दिल्लीचे हुकूम पुढे पोचवण्याची पाळी त्यांच्यावर आली. एका ब्रिगेडमधल्या तीन मित्रांपैकी एकाने सावधगिरीचा इशारा दिला, दुसऱ्याने तो वर पोचवला, आणि तिसऱ्याच्या हातून तो पराभव झाला. सेन काही भित्रे नव्हते. 1947 मध्ये श्रीनगर वाचवणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. म्हणून ही गोष्ट अधिकच मनाला लागते.

पराभवानंतर नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. आत्मचरित्रात थोरात सांगतात की त्यांनी ते जुने टिपण पंतप्रधानांपुढे ठेवले. नेहरूंनी ते वाचले आणि हे मला आधी का दाखवले नाही, असे विचारले. त्याचे उत्तर मेननच देऊ शकतील, असे थोरातांनी सांगितले. ही हकीगत एका बाजूची आहे आणि घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी छापलेली आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती तशीच धरावी. पण टिपण होते, सराव झाला होता, यात वाद नाही. आणि एक अडचण थोरातांच्या योजनेतही होती, बरं का. ती मानली असती तर लढाई सुरू होताच तवांग सोडून यावे लागले असते. त्या काळच्या संसदेत हे कोणत्या पंतप्रधानाला सांगता आले असते? सेनापतीचे गणित बरोबर असूनही राज्यकर्त्याला ते परवडत नाही, असे होऊ शकते. फक्त, परवडत नसेल तर तसे समोर बसवून सांगायला हवे होते.

युद्धाच्या धामधुमीत सरकारने राष्ट्रीय संरक्षण परिषद नेमली. तिच्यात थिमय्या आणि थोरात हे दोन्ही निवृत्त सेनानी होते. मेनन गेले आणि संरक्षणमंत्री म्हणून कराडचे यशवंतराव चव्हाण दिल्लीला पोचले. थिमय्या पुढे संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे सेनापती म्हणून सायप्रसला गेले आणि 1965 च्या डिसेंबरात तिथेच वारले. थोरात आपल्या मुलखात परतले आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले.

इथपर्यंत सांगून झाले, तेव्हा वर्गात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, “सर, एवढं सगळं खरं ठरलं, आणि साहेब येऊन इंटरव्ह्यू घेत बसले? राजीनामा तरी द्यायचा होता. पेपरात तरी लिहायचं होतं.”

प्रश्न रास्त होता, आणि त्याला चटकन उत्तर देणे मला जमले नाही. 1959 च्या ऑगस्टअखेर थिमय्यांनी मेनन यांच्याशी न पटल्याने राजीनामा दिला होता आणि नेहरूंच्या सांगण्यावरून परतही घेतला होता. त्याचा परिणाम एवढाच झाला की सरसेनापतीचे वजन कमी झाले. थोरातांचे टिपण त्यानंतर दीड महिन्याच्या आतले. राजीनाम्याचा रस्ता कोठे जातो, हे त्यांनी ताजे पाहिले होते. आणि वर्दीतल्या सेनापतीने सरकारविरुद्ध वर्तमानपत्राकडे धाव घेतली की पुढे काय होते, तेही शेजारी दिसत होते. त्यांच्या जुन्या पलटणीतले अयूबखान 1958 मध्ये पाकिस्तानचे सर्वाधिकारी होऊन बसले होते. आपल्या सैन्याने त्या वाटेला जायचे नाही, असे ज्यांनी ठरवले, त्यांना गप्प राहण्याची किंमत द्यावी लागली. ती किंमत नामका चूच्या जवानांनी दिली, असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी भांडणार नाही. मला स्वतःला वाटते की थोरातांनी निदान पंतप्रधानांची भेट मागून तो कागद त्यांच्या हातात द्यायला हवा होता. पण हे मी टेंभुर्णीला खुर्चीत बसून म्हणतो आहे.

त्या मुलाला मी मग लोकसेवा आयोगाची गोष्ट सांगितली, कारण ती त्याच्या कामाची होती. मुलाखत घेणे हे निवृत्ताचे विरंगुळ्याचे काम नव्हे. महाराष्ट्र राज्य 1 मे 1960 ला झाले, आणि नव्या राज्याला हजारो माणसे निवडून हवी होती. मंत्र्याच्या पाहुण्याला बाजूला सारून वडगावच्या किंवा टेंभुर्णीच्या पोराला त्याच्या गुणावर घेण्यासाठी टेबलाच्या पलीकडे कोणाचे ओझे न बाळगणारा माणूस लागतो. म्हणून घटनेने या अध्यक्षाला बांधून टाकले आहे. ही खुर्ची सोडल्यावर, दुसऱ्या एखाद्या लोकसेवा आयोगाखेरीज, सरकारची कोणतीच नोकरी त्याला घेता येत नाही. त्याला कोणाकडून काही मिळवायचे उरलेले नसते.

घटनेत आणखी एक कलम आहे, 323 वे. पोरांनो, परीक्षेला येते म्हणून तुम्ही ते पाठ करता. एकदा अर्थ लावून वाचा, असे मी म्हटले. आयोग सरकारला सल्ला देतो. सरकारवर तो मानण्याची सक्ती नाही. पण सल्ला मानला नाही, तर का मानला नाही याची कारणे लिहून ती विधिमंडळापुढे ठेवावी लागतात. एका कारकुनाच्या बढतीबद्दलचा सल्ला फेटाळायचा असला तरी ही लेखी जबाबदारी आहे. पूर्व विभागाच्या सेनापतीने संबंध सरहद्दीविषयी दिलेल्या सल्ल्याला असे कोणतेही कलम नव्हते. तो फाइलीत ठेवून देता आला, आणि कारण कोणाला सांगावे लागले नाही. आधी त्या बाजूला आणि मग या बाजूला बसलेला थोरातांसारखा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही.

त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र 1986 साली प्रसिद्ध झाले. पहाटे छावणी उठवणाऱ्या बिगुलापासून सूर्यास्ताला निशाण उतरवतानाच्या बिगुलापर्यंत, असा त्याच्या नावाचा अर्थ. जनरल थोरात 1992 च्या ऑगस्टमध्ये वारले. मागच्या बाकावरचा तो मुलगा तास संपल्यावर फळ्यापाशी थांबला होता. मी खडूने काढलेल्या नकाशात तेजपूर ते तवांग ही रेघ होती. ती आपल्या वहीत उतरवून घेत त्याने विचारले, “सर, आता तिथं रस्ता आहे का?” सेलाखाली बोगदा झाला आहे, 2024 च्या मार्चमध्ये तो सुरू झाला, असे मी त्याला सांगितले. त्याने तेही लिहून घेतले.